मायक्रोफोनचा प्रीअँप: निवडावा कसा, बांधावा कसा

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला हात वर करायला सांगितले, तेव्हा दिसलं की इथले बरेच जण घरी रेकॉर्डिंग करतात. कुणी दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतं, कुणी शाळेचे धडे, कुणी पॉडकास्ट. दोघी जणी गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतात. कामं वेगळी, पण तक्रार एकच: "आवाज नीट येतो, पण मागे सतत स्स्स असं काहीतरी ऐकू येतं." आणि त्याला जोडून प्रश्न: "कुठला प्रीअँप घेऊ? की स्वतःच बांधू?"

ही तक्रार किरकोळ नाही. पुस्तक ऐकणारा माणूस कानाला हेडफोन लावून सात-आठ तास ते ऐकतो. त्या सगळ्या वेळात ती सुसू त्याच्या कानात असते. आणि ओव्यांचं तर असं आहे, की ज्या आजीनं आज म्हटल्या, ती पुढच्या वर्षी म्हणू शकेलच असं नाही. तेव्हा नॉइज नेमका कुठून येतो हे आधी समजून घेऊ, मग खिशात हात घालू. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: प्रीअँपचा नॉइज तुमच्या खोलीच्या नॉइजच्या मापानं मोजता येतो. तो एकदा मोजला, की काय घ्यायचं आणि काय बांधायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

प्रीअँप करतो काय?

मायक्रोफोनमधून निघणारं व्होल्टेज फार लहान असतं. गाण्याच्या कार्यक्रमात सगळीकडे दिसतो तो शुअर कंपनीचा एसएम ५८ घ्या. १९६६ पासून बाजारात आहे. त्याच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते: एक पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल आवाज. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. पण ९४ डेसिबल म्हणजे जवळजवळ ओरडणंच. आपण साधं बोलतो, तेव्हा एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतात. तोंड माइकपासून वीतभर अंतरावर, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणलं, तर ७५ च्या आसपास. तेवढ्या आवाजाला हा माइक किती व्होल्टेज देतो? सुमारे ०.२ मिलिव्होल्ट. व्होल्टचा पाच हजारावा भाग.

कॉम्प्युटरच्या लाइन इनपुटला मात्र बोलण्याची सरासरी पातळी ०.१ व्होल्टच्या आसपास लागते. म्हणजे सिग्नल पाचशे पट वाढवायचा. डेसिबलच्या भाषेत दहा पट म्हणजे २०, शंभर पट म्हणजे ४०, हजार पट म्हणजे ६०. पाचशे पट म्हणजे साधारण ५४. तेव्हा असा माइक वापरणाऱ्यानं ५५ ते ६० डेसिबल गेन असलेला प्रीअँप बघायचा. कंडेन्सर माइक असेल तर तो याच आवाजाला दहा पट जास्त व्होल्टेज देतो, तिथे ३५-४० मध्ये भागतं. निवडीची पहिली पायरी ही: तुमच्या माइकला किती गेन लागतो?

आता गंमत बघा. पाचशे पट वाढवणं अजिबात अवघड नाही. दहा रुपयांच्या भागांत होतं. विहिरीचं पाणी गढूळ असेल आणि तुम्ही मोठा पंप बसवला, तर पाणी जास्त येईल, पण गढूळच येईल. प्रीअँपचं तसंच आहे. तो सिग्नल वाढवतो, सिग्नलबरोबर आलेला नॉइज वाढवतो, आणि वर स्वतःचा थोडा घालतो. हा जो 'स्वतःचा थोडा', त्याचाच सगळा फरक किमतीत पडतो.

शून्य नॉइज का नाही?

इथे एक भौतिकशास्त्राची भिंत आहे. कुठल्याही रोधात, म्हणजे रेझिस्टरमध्ये, इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे हलत असतात. त्यामुळे रोधाच्या दोन टोकांमध्ये, काहीही न जोडता, एक बारीक व्होल्टेज तयार होत राहतं. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी ते मोजलं आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले.

डायनॅमिक माइकची आतली कॉइल साधारण १५० ओहमची धरतात. खोलीच्या तापमानाला, माणसाला ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झ पट्ट्यात, या १५० ओहमचा नॉइज येतो ०.२२ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग. हा नॉइज माइकमध्येच आहे. जगातला सगळ्यात महाग प्रीअँपसुद्धा तो काढू शकत नाही. तो फक्त स्वतःचा कमीत कमी मिळवू शकतो.

कंपन्या हे कसं छापतात? माहितीपत्रकात 'ईआयएन' अशी एक ओळ असते. म्हणजे प्रीअँपच्या दाराशीच सगळा नॉइज आहे असं मानलं, तर तो किती. आकडा उणे असतो: उणे १२८ डीबीयू, उणे १२० डीबीयू. जितका जास्त उणे तितका चांगला. नुसत्या १५० ओहमच्या रोधाचा उणे १३१ येतो, त्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. म्हणून कुणी १५० ओहमवर उणे १३५ छापला असेल तर दोनदा वाचा. बहुधा त्यानं इनपुट शॉर्ट करून मोजलेलं असतं.

प्रीअँपचा नॉइज खोलीच्या भाषेत

आता आजचं मुख्य गणित. वहीत लिहून घ्या, तीनच ओळी आहेत.

पहिली ओळ: ईआयएनचा आकडा मायक्रोव्होल्टमध्ये आणा. उणे १२८ म्हणजे ०.३१ मायक्रोव्होल्ट. उणे ११८ म्हणजे साधारण १. उणे १०८ म्हणजे साधारण ३.१. दर वीस डेसिबलला दहा पट, एवढं लक्षात ठेवलं की मधले आकडे काढता येतात.

दुसरी ओळ: माइकची सेन्सिटिव्हिटी भागिले हा आकडा. एसएम ५८ चे १.८५ मिलिव्होल्ट म्हणजे १८५० मायक्रोव्होल्ट. भागिले ०.३१. आले साधारण सहा हजार पट. सहा हजार पट म्हणजे ७५-७६ डेसिबल.

तिसरी ओळ: ९४ मधून ते वजा करा. उरले १८ ते १९.

याचा अर्थ काय, तर या माइकला उणे १२८ चा प्रीअँप लावला, तर प्रीअँपची सुसू म्हणजे जणू खोलीतच १८-१९ डेसिबलचा आवाज चालू आहे. आता आपली खोली किती असते? रात्री दोन वाजता, खिडक्या बंद, पंखा बंद, अशी खोली साधारण २५ ते ३० डेसिबल. दिवसा शांत म्हणावी अशी ३५ ते ४०. पंखा चालू असला की ४५ च्या घरात. म्हणजे हा प्रीअँप तुमच्या शांत खोलीपेक्षाही शांत आहे. याहून महाग घेऊन तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही.

आता तोच माइक उणे ११८ च्या प्रीअँपला लावा. १८५० भागिले १, म्हणजे ६५ डेसिबल. ९४ वजा ६५, उरले २९. रात्रीच्या खोलीच्या बरोबरीचा झाला. आता तो जाणवू लागेल. उणे १०८ चा घेतला तर ३८-३९. शांत खोलीत माणूस बोलतोय आणि मागे कुणीतरी पंखा लावून ठेवलाय, असं होईल.

आणि कंडेन्सर माइक लावला तर? समजा त्याची सेन्सिटिव्हिटी २० मिलिव्होल्ट आहे. उणे ११८ च्याच प्रीअँपवर २०,००० भागिले १, म्हणजे ८६ डेसिबल. ९४ वजा ८६, उरले ८. तोच प्रीअँप, पण सुसू गायब. म्हणून "हा प्रीअँप चांगला आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या माइकला आणि कुठल्या खोलीत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

माझा नियम असा: प्रीअँपचा आकडा खोलीच्या आकड्यापेक्षा दहानं कमी असावा. दहानं कमी असला, की एकूण नॉइजमध्ये त्याची भर अर्ध्या डेसिबलहूनही कमी पडते. पाचनं कमी असेल तर का चालत नाही? कारण खोलीचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला असतो, घुमणारा. प्रीअँपची सुसू वरच्या पट्टीतली, आणि कान तिथे जास्त हळवा. शिवाय मराठीत त्याच वरच्या पट्टीत महत्त्वाचा ऐवज आहे. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचं भांडं, हे फरक ऐकू येतात ते त्या वरच्या घर्षणाच्या आवाजातून. बोलीभाषेचं रेकॉर्डिंग करणाऱ्यानं तर हा पट्टा स्वच्छच ठेवायला हवा.

पैसे न लागणारी चाचणी

ज्यांच्याकडे आधीच एखादा इंटरफेस आहे, त्यांनी नवा घेण्याआधी हे करा. एक्सएलआरचा एक सुटा नर कनेक्टर आणा. त्याच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. हा झाला तुमचा 'मुका माइक'. फँटम पॉवर बंद ठेवून तो इंटरफेसला लावा, गेन तुमच्या नेहमीच्या जागी ठेवा, आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग गेनच्या बटणाला हात न लावता खरा डायनॅमिक माइक जोडा, खोलीत कुणी बोलू नका, पुन्हा अर्धा मिनिट. दोन्ही तुकड्यांना ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावा आणि सरासरी पातळी बघा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं.

खऱ्या माइकचा तुकडा दहा डेसिबल किंवा जास्त वर असेल, तर प्रीअँपला दोष देऊ नका. दोष खोलीत आहे. पंखा बंद करा, फ्रिजचं दार आणि माइक यांच्यात अंतर ठेवा, गाद्या-रजया लावा. दोन्ही तुकडे जवळजवळ सारखे आले, तर मात्र प्रीअँप बदलायला हवा.

आणि त्याच्याही आधी एक उपाय: जवळ या. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबल वाढतो. तीस सेंटिमीटरवरून साडेसातवर आलात तर बारा. हे बारा डेसिबल विकत घ्यायला गेलात तर चांगले पैसे पडतात. जवळ आल्यावर 'प', 'फ', 'भ' फुटतात, म्हणून तोंडासमोर जाळी लावा किंवा माइक जरा तिरका धरा.

लॅपटॉपच्या भोकात का नाही?

काही जण माइक सरळ लॅपटॉपच्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकात लावतात. ते भोक इलेक्ट्रेट माइकसाठी बनवलेलं आहे. इलेक्ट्रेट माइक १९६२ मध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल लॅबोरेटरीजमध्येच तयार केला. त्याच्या कॅप्सूलमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला चालायला लॅपटॉप दोन-अडीच व्होल्ट पुरवतो. डायनॅमिक माइकला ते व्होल्टेज नको असतं, आणि त्याला लागणारा पाचशे पट गेन तिथे स्वच्छ मिळत नाही. शिवाय लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर, स्क्रीन, चार्जिंगचं सर्किट, सगळे एकमेकांना खेटून असतात. त्यांची किणकिण त्या भोकात येते.

आणखी एक कारण. एक्सएलआरच्या तारेत सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घुरघुर मात्र दोन्ही तारांवर सारखीच चढते. प्रीअँप या दोन तारांमधला फरकच तेवढा वाढवतो. जे दोन्हीकडे सारखं, ते वजा होऊन जातं. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. लॅपटॉपच्या भोकात ही सोय नाही.

विकत की बांधून?

सरळ सांगतो. एक-दोन माइक, घरचं काम, आणि हातात काहीच नाही, असं असेल तर प्रीअँप आणि डिजिटल कन्व्हर्टर एकाच डब्यात असलेला यूएसबी इंटरफेस घ्या. घेताना दोनच आकडे विचारा: गेन किती आणि ईआयएन किती. डायनॅमिक माइकसाठी ५५ ते ६०, आणि उणे १२५ किंवा त्याहून चांगला. २४ बिट असतोच. '१९२ किलोहर्ट्झ' वगैरे अक्षरांना भुलू नका, बोलण्यासाठी ४८ पुरतो.

बांधायचा कुणी? ज्याच्याकडे चांगलं लाइन इनपुट असलेलं साउंडकार्ड किंवा रेकॉर्डर आहे पण माइकचा प्रीअँप वाईट आहे, त्यानं. आणि ज्याला हे कळून घ्यायचं आहे, त्यानं. एक सावधगिरी: बांधलेला प्रीअँप लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावायचा नाही. तिथे आधीच एक अँप आहे, आवाज फाटणार. लाइन इनपुटच हवं.

बांधताना

पहिलं तत्त्व: पहिली पायरी सगळं ठरवते. समजा दोन टप्पे आहेत आणि पहिला टप्पा सिग्नल तीस पट वाढवतो. मग दुसऱ्या टप्प्याचा नॉइज तुलनेनं तीसनं भागला जातो. म्हणून चांगला भाग पहिल्या जागी, साधा भाग दुसऱ्या.

बाजारात सगळीकडे मिळणारा टीएल ०७२ हा आयसी घ्या. पूर्ण पट्ट्यात त्याचा नॉइज साधारण २.५ मायक्रोव्होल्ट. मघाचं गणित करा, एसएम ५८ बरोबर ३७ डेसिबलच्या खोलीइतका. पहिल्या जागी नको, दुसऱ्या जागी उत्तम. एनई ५५३४ चा अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास, तो पहिल्या जागी बसवता येतो. पण त्या एकट्याकडून हजार पट गेन मागू नका. त्याचा गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार १० मेगाहर्ट्झ आहे. हजार पट वाढवायला लावलात तर १० किलोहर्ट्झच्या वर तो दमतो, आवाज मंद होतो. तीस पट आणि तीस पट असे दोन टप्पे करा.

मी सुचवीन तो मार्ग म्हणजे खास मायक्रोफोनसाठीच बनवलेला आयसी. उदाहरणार्थ आयएनए २१७. त्याचा नॉइज हजार पट गेनवर ०.१८ मायक्रोव्होल्टच्या आसपास. माइकच्या ०.२२ मध्ये तो मिळवला (हे आकडे वर्ग करून मिळवायचे असतात) तर एकूण ०.३ च्या जवळ येतो, म्हणजे उणे १२८. चांगल्या इंटरफेसच्या बरोबरीचा. आठ पायांचा आहे, ब्रेडबोर्डवर बसतो.

जोडणी ऐका. एक्सएलआरची दोन नंबरची पिन आयसीच्या तीन नंबरच्या पायाला, आणि एक्सएलआरची तीन नंबरची पिन आयसीच्या दोन नंबरच्या पायाला. इथे हमखास उलटापालट होते. एक्सएलआरची एक नंबरची पिन सरळ डब्याच्या पत्र्याला आणि ग्राउंडला. दोन्ही इनपुटपासून ग्राउंडला २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावायचाच. डायनॅमिक माइक म्हणजे दोन टोकांची नुसती कॉइल, तिचा ग्राउंडशी संबंध नसतो. आयसीच्या इनपुटला लागणारा बारीक करंट कुठून तरी वाहायला हवा, तो या रेझिस्टरमधून वाहतो. ते विसरलात तर आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटेल आणि तुम्ही आयसी खराब म्हणाल.

गेन ठरतो पाय एक आणि आठ यांच्यामधल्या एका रेझिस्टरवर. दहा हजार भागिले तो रेझिस्टर, अधिक एक. १०० ओहम लावला तर ४० डेसिबल, ३३ लावला तर ५०, १० लावला तर ६०. पॉटपेक्षा तीन जागांचा रोटरी स्विच बरा, दर वेळी गेन तंतोतंत तोच येतो. या रेझिस्टरबरोबर ओळीत १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाका, म्हणजे डीसी पाचशे पट वाढत नाही. १० ओहमबरोबर तो १६ हर्ट्झच्या खालचं कापतो, बोलण्याला काही होत नाही.

पाच नंबरचा पाय ग्राउंडला. सहा नंबरमधून आउटपुट, १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून बाहेर. सात नंबरला अधिक ९ व्होल्ट, चारला उणे ९ व्होल्ट. दोन चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीत जोडायच्या, मधला जोड म्हणजे ग्राउंड. दोन्ही पॉवरच्या पायांना अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर. आयसी साधारण १० मिलिअँपिअर खातो, चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्यांवर तीस-चाळीस तास सहज निघतात. अॅडाप्टर का नाही? बॅटरीला ५० हर्ट्झ माहीतच नाही. प्रीअँपच्या घुरघुरीची निम्मी कारणं तिथेच संपतात.

डबा धातूचाच. बिस्किटांचा पत्र्याचा डबाही चालतो, फक्त पत्र्याला ग्राउंड नीट सोल्डर करा, आणि त्याआधी तिथला रंग खरवडा. दोन्ही इनपुटपासून ग्राउंडला २२० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, कनेक्टरच्या मागेच. नाहीतर माइकची तार अँटेना होते आणि मोबाइलची टरटर ऐकू येते.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळेल. रेझिस्टर मेटल फिल्मचे घ्या, कार्बनचे नकोत. आयसी मात्र खात्रीच्या वितरकाकडून मागवा. जुने, उत्पादन थांबलेले ऑडिओ आयसी नव्या छपाईनं विकले जातात. दिसायला तेच, आत दुसरंच.

फँटम पॉवर पहिल्या प्रयत्नात घालू नका. ४८ व्होल्ट आले की इनपुटला ६३ व्होल्टचे कपॅसिटर आणि संरक्षक डायोड घालावे लागतात. आधी डायनॅमिक माइकसाठी साधा बांधा, तो चालला की पुढचं.

आणि बांधून झाल्यावर मुक्या माइकची तीच चाचणी याही प्रीअँपवर करा. रेकॉर्डिंग करताना बोलणाऱ्याला सगळ्यात मोठ्यानं म्हणायला सांगा, आणि गेन असा ठेवा की शिखर उणे १२ च्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे. थोडी सुसू नंतर कमी करता येते, फाटलेला आवाज परत जोडता येत नाही.

प्रश्नोत्तरं

श्रोता: सर, माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचे बूस्टर मिळतात, २०-२५ डेसिबल वाढवणारे. ते घ्यावेत का?

मघाची चाचणी करा आणि ठरवा. तुमच्या इंटरफेसचा गेन संपत असेल, किंवा त्याचा ईआयएन वाईट असेल, तर बूस्टरचा फायदा होतो, कारण तो पहिली पायरी होतो. इंटरफेस आधीच उणे १२८ चा असेल आणि गेन पुरत असेल, तर बूस्टर काही देत नाही.

श्रोता: फँटम चालू राहिला तर डायनॅमिक माइक जळतो का?

बॅलन्स्ड डायनॅमिक माइक आणि धड तार असेल तर नाही. ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर सारखेच येतात, कॉइलला फरक दिसतच नाही. त्यामुळेच त्याला 'फँटम', म्हणजे भूत, म्हणतात. ४८ च का, याची एक गोष्ट आहे. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक केले. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती, तीच वापरली, आणि पुढे तेच रूढ झालं. जुने रिबन माइक आणि चुकीच्या जोडणीच्या तारा यांपासून मात्र फँटम लांब ठेवा.

श्रोता: यूएसबी माइकला प्रीअँप लागतो का?

नाही. प्रीअँप आणि कन्व्हर्टर त्याच्या पोटातच असतात. एकट्या माणसाच्या वाचनासाठी चांगला पर्याय आहे. तोटा एवढाच, की आतला प्रीअँप वाईट निघाला तर तो बदलता येत नाही.

श्रोता: आम्ही ओव्या रेकॉर्ड करतो ती आजींची ओसरी असते. तिथे कोंबड्या, रस्ता, सगळंच. मग प्रीअँपचा एवढा विचार करायचा का?

ओसरी ४५-५० डेसिबलची असेल. तिथे उणे ११८ चा प्रीअँपसुद्धा तुमच्या आड येणार नाही. तुम्ही पैसे प्रीअँपवर घालवू नका. माइक आजींच्या जवळ न्या, लॅपटॉप चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवा, बॅटरीचा एक जादा संच बरोबर ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या दोन प्रती त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. कोंबड्या राहू द्या. ती त्या ओसरीचीच खूण आहे.

वेळ संपली आहे. मुक्या माइकसाठी १५० ओहमचे काही रेझिस्टर आणले आहेत, जाताना टेबलावरून एकेक घेऊन जा.